तुमची नर्सिंगची फिलॉसॉफी कलेतून कशी मांडायची: पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींसाठी

नर्सिंग फाउंडेशन शिकताना काही कॉलेजांत एक असाइनमेंट मिळते, "तुमची स्वतःची नर्सिंगची फिलॉसॉफी एखाद्या कलाकृतीतून मांडा", आणि मग सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर एकच चित्र वीस जणी काढत बसतात. दोन ओंजळी, मध्ये लाल हृदय, वर पणती किंवा कंदील, खाली "सेवा हाच धर्म". कंदिलावर माझा राग नाही, लॅम्प लायटिंगला, म्हणजे नर्सिंगच्या शपथविधीला, हातात दिवा घेताना माझ्याही अंगावर काटा आला होता. पण ते चित्र बघून मला तुमच्याबद्दल काहीच कळत नाही, तुम्ही कॉटपाशी उभे राहता तेव्हा काय करता, काय केल्याशिवाय तुमचा पाय निघत नाही, कशावर तडजोड करणार नाही, ह्यातलं काही त्यात नसतं. आणि असाइनमेंटमध्ये विचारलेलं असतं ते नेमकं हेच.

म्हणून हा लेख. चित्रकला येत नाही, आवाज चांगला नाही, शिवण तर शाळेनंतर हातात धरलं नाही अशांसाठी पण आहे, किंबहुना त्यांच्यासाठीच जास्त.

आधी विचारलंय काय ते समजून घ्या

थिअरीच्या तासाला चार शब्द ऐकले असतील, माणूस, परिसर, आरोग्य आणि नर्सिंग. कुठलीही नर्सिंगची फिलॉसॉफी ह्या चार गोष्टींबद्दल काहीतरी ठाम बोलते. समोरचा पेशंट माझ्यासाठी कोण आहे, बेड नंबर की गावाकडून दोन एसट्या बदलून आलेला माणूस? त्याच्या आजूबाजूचं काय काय मी माझ्या कामात धरते, फक्त बेड का खिडकी, आवाज, शेजारचा पेशंट, बाहेर जिन्यात झोपलेला नातेवाईक पण? बरं होणं म्हणजे नॉर्मल रिपोर्ट, की स्वतःच्या हाताने जेवता येणं? आणि ह्या सगळ्यात माझं काम नेमकं कुठून कुठपर्यंत? चारही प्रश्नांची उत्तरं एकाच कलाकृतीत कोंबायची गरज नाही. एक धरा, बाकीचे आपोआप मागून येतात.

कलेचा नर्सिंगशी काय संबंध असं घरचे विचारतात, तर त्याचं उत्तर आपल्याच शास्त्रात आहे. बार्बरा कार्पर यांनी १९७८ साली नर्सच्या ज्ञानाचे चार प्रकार मांडले, एक शास्त्रीय माहितीचं, एक नीतीचं, एक स्वतःला ओळखण्याचं आणि एक सौंदर्याचं, म्हणजे हातातल्या कौशल्याचं आणि समोरच्याला पाहताक्षणी समजून घेण्याचं. इंजेक्शनचा अँगल पुस्तकात मिळतो, घाबरलेल्या म्हाताऱ्या बाईचा दंड कसा धरायचा ते ह्या चौथ्या खात्यात येतं. आणि फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंचंच बघा ना. क्रिमियन युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईने जास्त मेले हे त्यांना सरकारला पटवायचं होतं, आकड्यांचे तक्ते कोण वाचणार, म्हणून १८५८ मध्ये त्यांनी फुलाच्या पाकळ्यांसारखी आकृती काढली, एकेक पाकळी म्हणजे एकेक महिना, निळा भाग टाळता येण्याजोग्या रोगांनी झालेल्या मृत्यूंचा, लाल जखमांचा, काळा बाकीच्या कारणांचा. निळा भाग इतका मोठा की नजर हटत नाही. परिसर स्वच्छ ठेवणं हे नर्सिंगचं काम आहे ही त्यांची फिलॉसॉफी त्या एका रंगात दिसते. त्यामुळे असाइनमेंट कुणीतरी उगाच काढलीय असं समजू नका, हे आपल्याकडे पहिल्यापासून आहे.

पायरी १: वॉर्डातली छोटी वही

क्लिनिकल पोस्टिंग सुरू झालं की एक पातळ वही करा, प्रोसिजर बुकपेक्षा वेगळी. ड्युटी संपल्यावर, बसमध्ये किंवा हॉस्टेलला आल्यावर, त्यात तीनच ओळी लिहायच्या: आज हाताने काय केलं, ते करताना समोरच्याच्या चेहऱ्यावर किंवा अंगावर काय दिसलं, आणि मला काय वाटलं. बस. "पेशंटला मानसिक आधार दिला" असं लिहू नका, त्यातून काहीच निघत नाही. "टेम्परेचर घेताना आजींनी माझा हात सोडला नाही, मी थर्मामीटर काढल्यावर पण तशीच थोडा वेळ उभी राहिले, इनचार्ज सिस्टर बघून काही बोलल्या नाहीत" असं लिहा. हे वाचताना दिसतं की नाही?

नाव, बेड नंबर, गाव, तारीख, आजाराचं नेमकं निदान ह्यातलं काही वहीत लिहायचं नाही. वही हरवली आणि कुणाला सापडली तरी पेशंट ओळखू येता कामा नये. हॉस्पिटलात मोबाईलवर फोटो तर अजिबात नाही, "फक्त हाताचा घेतला" हे पण नाही.

दोन-तीन आठवड्यांनी वही वाचा आणि सारखं सारखं काय येतंय त्याखाली पेन्सिलने रेघ मारा. कुणाच्या वहीत सारखे हात येतात, कुणाच्या वहीत नातेवाईक, एकाच्या वहीत दर दोन पानांनी झोप येत होती, पेशंटला झोप लागली नाही, लाईट चालू होते, ट्रॉलीचा आवाज होता, कुणीतरी मोठ्याने हाक मारली. त्या ब्रदरला (आमच्याकडे मुलगे फार नसतात पण असतात ते मन लावून करतात) स्वतःलाच माहीत नव्हतं की शांतता हा त्याचा विषय आहे. वहीने सांगितलं.

पायरी २: एक वाक्य, आणि त्याला एक कसोटी

रेघ मारलेल्या ओळींतून "मी मानते की" किंवा "मी मानतो की" ने सुरू होणारं एक वाक्य बनवा. मग कसोटी लावा, ह्याच्या उलट एखादी नर्स खरंच वागू शकते का? "नर्सिंग म्हणजे निःस्वार्थ सेवा" ह्याच्या उलट कुणी म्हणणार नाही, म्हणून ते वाक्य बाद. "पेशंट बेशुद्ध असला तरी अंगाला हात लावायच्या आधी काय करणार ते त्याला सांगायचं" ह्याच्या उलट मात्र रोज घडतं, घाईत आपण सगळेच सरळ चादर ओढतो, म्हणजे ह्या वाक्यात दम आहे, ह्यावर उभं राहायला काहीतरी सोसावं लागतं. अजून काही उदाहरणं माझ्या विद्यार्थ्यांच्या बोलण्यातून निघालेली: "जो बरा होणार नाही त्याचं बेडमेकिंग पण तेवढंच ताणून आणि बिनसुरकुतीचं करायचं." "घरच्या माणसाला ड्रेसिंग येईपर्यंत माझ्या लेखी डिस्चार्ज झालेला नाही." "आजीला तिच्या बोलीत विचारल्याशिवाय तिचं दुखणं मला कळलं असं मी म्हणणार नाही."

वाक्य छोटं ठेवा आणि त्यात एक तरी अशी गोष्ट हवी जी करताना दिसते. चादर, हात, बोली, ड्रेसिंग.

पायरी ३: थिअरीशी गाठ घाला, पण शेवटी

बरेच जण उलटं करतात, आधी थिअरिस्ट निवडतात मग स्वतःला त्यात बसवतात. तुमचं वाक्य आधी. मग बघा कोण तुमच्या जवळ येतं. डिस्चार्जचं वाक्य असेल तर डोरोथिआ ओरेम, कारण त्यांचा सगळा भर पेशंटने स्वतःची काळजी स्वतः घ्यायला शिकण्यावर आहे. बरं न होणाऱ्या पेशंटचं असेल तर व्हर्जिनिया हेंडरसन, त्यांच्या नर्सिंगच्या व्याख्येत शांत मरण पण धरलेलं आहे, आणि त्यांच्या १४ मूलभूत गरजा तुम्हाला तोंडपाठ असतीलच. बेशुद्ध पेशंटशी बोलणं जीन वॉटसन यांच्याजवळ जातं, कारण त्यांचा भर पेशंटशी माणूस म्हणून नातं जोडण्यावर आहे. बोलीचं असेल तर मॅडेलीन लेनिंजर, माणसाच्या संस्कृतीला धरून नर्सिंग करायचं हे त्यांनी मांडलं, आणि मेळघाटात कोरकू किंवा नंदुरबारकडे पावरी बोलणाऱ्या बाईची डिलिव्हरी ज्यांनी बघितलीय त्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही.

पायरी ४: माध्यम वाक्यातून निवडा

इथे थांबून विचार करा, हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. "मला काय येतं" ह्याआधी "माझं वाक्य कशाने बनलंय" असं विचारायचं. रोज तेच तेच हाताने करण्याबद्दल असेल तर शिवण, कारण शिवण म्हणजे तेच तेच हाताने करणं. आवाजाबद्दल, बोलण्याबद्दल असेल तर ओवी किंवा गाणं, रेकॉर्ड करून. वस्तीबद्दल, पीएचसीबद्दल (प्राथमिक आरोग्य केंद्राबद्दल), आशाताईंबरोबर घरोघरी फिरण्याबद्दल असेल तर वारली ढंगाचं चित्र चालेल कारण त्यात एकटा माणूस क्वचित, सगळा पाडा एकत्र कामाला लागलेला असतो. लोकांना शिकवण्याबद्दल असेल तर पथनाट्य. आपलं काम उरत नाही, पेशंट घरी गेला की कॉट धुवून पुसून दुसऱ्यासाठी तयार, ह्याबद्दल असेल तर रांगोळी काढा आणि मॅडमसमोर स्वतःच्या हाताने पुसा, त्याचा व्हिडिओ द्या. हे एका मुलीने केलं होतं तेव्हा वर्गात कुणी बोललं नाही बराच वेळ.

वारलीबद्दल एक गोष्ट सांगते. लग्नातला देवचौक, ज्यात पालघाट देवी असते, तो सुवासिनी विधी म्हणून काढतात, तो चौकट म्हणून उचलून मध्ये नर्सची टोपी काढू नका. रोजच्या कामाची, शेताची, पाणी भरण्याची चित्रं बघा आणि तुमचा लसीकरणाचा दिवस त्या रीतीने काढा. गेरूने रंगवलेला जाड कागद, तांदळाच्या पिठात पाणी आणि थोडा डिंक, आणि टोक ठेचलेली बांबूची काडी एवढं पुरतं.

ओवी निवडली तर ती म्हणून बघा, लिहून नको. जात्यावरच्या ओवीत एक ठोस गोष्ट असते आणि ती पुढच्या ओळीत फिरते. वहीतल्या "हात गार होते म्हणून आधी चोळले" ह्या नोंदीवरून आम्ही वर्गात बसून ही केली:

पहाटेच्या राऊंडाला सिस्टर माझी गं आली
हात चोळून केले ऊन, मग नाडी तिनं धरली

दोन ओळीत माणूस, परिसर, नर्सिंग सगळं आलं, आणि हे पेशंटच्या तोंडून आलंय हे पण बघा.

एक कलाकृती पहिल्यापासून शेवटपर्यंत

आता गोधडीचं उदाहरण पूर्ण सांगते कारण त्यातून बाकीचं पण समजेल. विद्यार्थिनीचं पोस्टिंग मेडिसिन वॉर्डात, पॅरालिसिसचे पेशंट जास्त, वहीत सारखं पोझिशन बदलणं आणि बॅक केअर. वाक्य ठरलं, "जो स्वतः कूस बदलू शकत नाही त्याची कूस मी वेळेवर बदलणार, कुणी विचारो न विचारो." दर दोन तासांनी पोझिशन बदलायची हे आपण सगळे शिकतो, दिवसाचे चोवीस तास म्हणजे बारा वेळा. म्हणून बारा तुकडे. डावी कूस, उताणं, उजवी कूस असा क्रम, म्हणजे एका ओळीत तीन तुकडे आणि अशा चार ओळी. डाव्या कुशीच्या तुकड्यावर धावदोरा डावीकडे तिरका, उताण्यावर उभा सरळ, उजव्या कुशीवर उजवीकडे तिरका. सकाळी आठपासून मोजलं तर वरच्या दोन ओळी दिवसाच्या आणि खालच्या दोन रात्री आठपासून पहाटे सहापर्यंतच्या, त्या गडद कापडाच्या. चित्र नाही, अक्षर नाही, पण गोधडीवरून हात फिरवला की टाक्यांची दिशा बदललेली बोटांना कळते.

मग तिने अजून एक गोष्ट केली. दुपारी चारचा तुकडा तिने स्वतः शिवला नाही, शिवणाचा गंध नसलेल्या मैत्रिणीकडून शिवून घेतला, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने. टाके लांब-आखूड, थोडे वाकडे. का, तर भेटीच्या वेळेत पेशंटच्या मुलीला तिने पोझिशन द्यायला शिकवली होती आणि त्या दिवशी ते त्या मुलीने केलं, तिच्या पद्धतीने, उशी थोडी तिरकी लागली पण लागली. विद्यार्थिनीचं वाक्य तिथे वाढलं, कूस बदलणाऱ्या हातांत घरचे हात पण आले. हे आधी ठरलं नव्हतं, शिवता शिवता सुचलं.

करायचं असेल तर माप असं: सात बाय सातचे तुकडे कापा म्हणजे शिवण गेल्यावर सहा बाय सहा उरेल, बारा जोडल्यावर अठरा बाय चोवीस इंच. जुनी सुती साडी, धोतर, घरची चादर असं धुवून मऊ झालेलं कापड घ्या, नवीन कडक कापडात सुई अडते. खाली एक थर, मध्ये एक मऊ थर, वर जोडलेले तुकडे, तिन्ही जमिनीवर पसरून हाताने सपाट करून आधी मोठ्या कच्च्या टाक्यांनी अडकवून घ्या नाहीतर मध्ये फुगा येतो. मग धावदोरा. रोज एकच तुकडा धरलात तर दोन आठवड्यांत होते, आणि आदल्या रात्री होत नाही हे आधीच सांगते.

ह्या गोधडीच्या खाली कुठल्या प्रसंगाचा उल्लेख करू असं तिने विचारलं तेव्हा मी तिला मुंबईच्या केईएम हॉस्पिटलबद्दल वाचायला सांगितलं. तिथल्या नर्सेसनी हल्ल्यात जायबंदी होऊन अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी नर्सला १९७३ पासून २०१५ पर्यंत, ४२ वर्षं, सांभाळलं. पहिल्या वर्षांतल्या नर्सेस रिटायर झाल्या, ज्या तिला आधी कधी भेटल्या नव्हत्या अशा नव्या मुलींनी ते काम पुढे घेतलं. सुप्रीम कोर्टाने २०११ च्या निकालात त्यांच्या सेवेचं कौतुक केलं आहे. नर्सिंगची फिलॉसॉफी कागदावर न लिहिता कशी जगतात हे महाराष्ट्रातल्या नर्सिंगच्या प्रत्येक मुलामुलीला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पायरी ५: साहित्य कुठून आणायचं नाही

कोलाज करायचं म्हटलं की पोरं वॉर्डातून वापरलेली सलाईनची नळी, सिरिंज, रिकाम्या व्हायल घेऊन येतात. नाही म्हणजे नाही. तो बायोमेडिकल वेस्ट आहे, २०१६ च्या नियमांप्रमाणे नळ्या आणि सुईविना सिरिंज लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काच निळ्यात, रक्त लागलेला कापूस-गॉझ पिवळ्यात, आणि तिथून काही बाहेर येत नाही, धुवून पण नाही. स्टोअरमधलं न वापरलेलं उचलणं पण नको, ते कुणाच्या तरी वाट्याचं आहे. मेडिकल स्टोअरमधून कापूस, बँडेज रोल, एक ग्लोव्हजची जोडी विकत घ्या, फार खर्च येत नाही. नळी दाखवायचीच असेल तर सुतळी किंवा पारदर्शक वायर.

पायरी ६: सोबतचं टिपण

कलाकृतीसोबत अडीचशे-तीनशे शब्दांचं टिपण द्या, मराठीत किंवा इंग्रजीत, कॉलेज सांगेल तसं. त्यात सुरुवातीला तुमचं वाक्य. मग बघणाऱ्याने काय बघायचं, म्हणजे रंग का, दिशा का, बारा का. मग वॉर्डातली एक नोंद, ओळख पुसलेली, वय पण अंदाजे. मग थिअरी, दोन-तीन वाक्यांत, आणि ती तुमच्या वाक्याशी कुठे जुळते आणि कुठे नाही. जुळत नाही ते लिहायला घाबरू नका, उलट तिथेच कळतं की तुम्ही विचार केलाय. "लाल रंग प्रेमाचं आणि पांढरा शांततेचं प्रतीक" असली वाक्यं काढून टाका, तुमच्या कलाकृतीत लाल का आहे तेच सांगा, वॉर्डातलं ब्लँकेट लाल होतं म्हणून असेल तरी चालेल.

लिहून झालं की रूम पार्टनरला कलाकृती टिपणाशिवाय दाखवा आणि तिला काय दिसलं ते विचारा, मध्ये बोलू नका. तिला अगदीच भलतं दिसलं तर एखादी गोष्ट बदला. थोडं वेगळं दिसलं तर राहू द्या.

पायरी ७: व्हायवा (तोंडी परीक्षा)

मॅडम काय विचारतात? साधारण हेच. "हेच माध्यम का घेतलंस?" "एक वॉर्ड, तीस पेशंट, तू एकटी नाईटला, तेव्हा हे वाक्य कसं पाळशील?" ह्या दुसऱ्या प्रश्नाला मुलं एकतर "हो मॅडम, पाळीन" म्हणतात किंवा गप्प होतात. दोन्ही नको. खरं उत्तर तयार ठेवा. गोधडीवाल्या मुलीने सांगितलं, "मॅडम, तिसांना नाही जमणार, पण कुणाला स्वतः हलता येत नाही त्यांची यादी हँडओव्हरच्या वेळीच काढीन, त्यांच्यापासून सुरू करीन, मावशींना सोबत घेईन आणि जे राहिलं ते सकाळच्या सिस्टरना तोंडाने आणि लिहून सांगीन." मला ह्याहून चांगलं उत्तर आजवर मिळालेलं नाही. कारण ह्यात फिलॉसॉफी भिंतीवर लावायची वस्तू राहत नाही, ड्युटीची योजना होते.

नवीन मुलांना अजून एक शंका असते, की दुसऱ्या वर्षी माझं मत बदललं तर? बदलू दे. लेबर रूमचं पोस्टिंग झालं, मानसिक आरोग्याचं झालं, खेड्यात कम्युनिटीला जाऊन आलात की वाक्यात फरक पडणारच. वही चालू ठेवा, जुनं वाक्य खोडू नका, त्याच्याखाली नवीन लिहा आणि कशामुळे बदललं ते एका ओळीत. इंटर्नशिपला पोचाल तेव्हा इंटरव्ह्यूमध्ये "नर्सिंगकडे तुम्ही कसं बघता" विचारतील तर हीच पानं उपयोगी पडतील.

आणि सबमिशनच्या आधी कलाकृतीचे फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून काढा, एक पूर्ण आणि दोन जवळून, कारण रांगोळी पुसली जाते, कापड कपाटात जातं, कागद पावसाळ्यात फुगतो आणि एनओसीच्या गडबडीत हॉस्टेल सोडताना ह्या गोष्टी सगळ्यात आधी मागे राहतात. फोटोंसोबत टिपणाची पीडीएफ त्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि एक कॉपी स्वतःला मेल करून ठेवा.